जुनी मॅट्रिक आणि तू

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. मामांनी फॅमिली ग्रुपवर टाकलेलं ते "जुनी मॅट्रिक म्हणजे आजचं एमए, आताची पोरं नुसती स्क्रोल करतात" तुला एवढं लागेल असं वाटलं नव्हतं, पण लागलंय खरं, आणि वर तू विचारतेयस की बाई, आम्ही खरंच ढ आहोत का. फोनवर हे नीट सांगता येणार नाही म्हणून लिहितेय.

जुनी मॅट्रिक झालेले लोक आपल्याला दिसतात, त्यांचं अक्षर, पाठ असलेले श्लोक, इंग्रजी पत्रं, सगळं दिसतं. जे तिथवर पोचलेच नाहीत ते दिसत नाहीत, कारण ते तेव्हा गिरणीच्या गेटवर बदली कामगार म्हणून आत घेतील या आशेने उभे होते नाहीतर गावाला गुरांमागे. १९५१च्या जनगणनेत देशात साक्षर होते १८ टक्क्यांच्या जरा वर, बायका तर ९ टक्केसुद्धा नव्हत्या. २०११ला तोच एकूण आकडा ७३. म्हणजे मामा तुलना करतायत तेव्हाच्या मूठभरांची आताच्या सगळ्यांशी, आणि या सगळ्यांमध्ये तू आहेस, तुझ्या घरातली पहिली सायन्सवाली. ही तुलना मुळातच चालत नाही.

आणि ही रड नवीन नाही गं. मुंबई विद्यापीठ १८५७चं, त्याच्या पहिल्या मॅट्रिकला १८५९ साली १३२ जण बसले आणि पास झाले २२. पुढे संख्या वाढली तशी ओरड सुरू झाली की पोरं घोकंपट्टी करतात, दर्जा गेला. व्हाइसरॉय कर्झनसाहेबाने १९०२ला कमिशन नेमलं आणि १९०४ला विद्यापीठांचा कायदा केला तो याच नावाखाली, गोखल्यांनी कौन्सिलात कडाडून विरोध केला, कारण दर्जाच्या आडून सरकारला विद्यापीठं मुठीत हवी होती. त्याच्याही आधी, १८८२ला, जोतीराव फुल्यांनी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर कमिशनपुढे सांगितलं होतं की सरकारचा पैसा वरच्यांच्या उच्च शिक्षणावर जातो आणि रयतेच्या पोरांची प्राथमिक शाळा तशीच राहते. त्यामुळे कुणी दर्जा घसरला म्हणालं की मी आधी बघते की याला नक्की कोणाला बाहेर ठेवायचंय.

पण म्हणून सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही, इतकी वर्षं पेपर तपासलेत. बीजगणितात वयाचं गणित असतं ना, त्यात एका पोराने बापाचं वय उणे १२ काढलेलं, आणि उत्तराला पट्टीने छान चौकट केलेली! सूत्र बरोबर, किंमती घातलेल्या बरोबर, शेवटी चिन्ह चुकलं, स्टेपचे मार्क द्यावेच लागतात, दिले. अशी पोरं पूर्वीही होती, गाईडं पूर्वीही होती, अपेक्षित प्रश्नसंचही. फरक एवढाच की तेव्हा असा पोरगा दहावीला अडकायचा आणि कायमचा बाहेर फेकला जायचा (जे वाईटच होतं), आता तो चांगल्या टक्क्यांनी पुढे जातो आणि त्याला कुणी सांगतच नाही की बाबा, तुला हे येत नाहीये.

मार्कांचंच बघ. दहावीचा निकाल २०१८ला ८९.४१ टक्के, २०१९ला शाळेच्या हातातले भाषेच्या तोंडीचे २० मार्क काढले तर धाडकन ७७.१०, परत दिले तर २०२०ला ९५.३०. आता १९ला अभ्यासक्रम नवा होता आणि २०ला लॉकडाऊनमुळे एक पेपर झालाच नाही हे मान्य, तरी एका वर्षात आख्ख्या महाराष्ट्राची पोरं ढ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार झाली असं होतं का कधी? बदलली ती मोजपट्टी.

आठवीपर्यंत नापास न करण्याचा नियम २०१०ला आला होता, पाचवी-आठवीला तो आता उरला नाही, पण मला तो पटायचा, नापास झालेली पोरगी शाळेत परत येत नाही, तिचं लग्न लागतं, हे मी पाहिलंय. पण त्याच्या जोडीला वर्षभर मूल कुठे अडलंय ते बघायचं होतं, त्याचं झालं नुसतं तक्ते भरणं. ज्या 'प्रथम' संस्थेने आपल्या मुंबईतल्या वस्त्यांतून काम सुरू केलं तेच लोक २००५पासून गावोगाव घरी जाऊन मुलांपुढे एक कागद धरतात, अक्षरं, शब्द, परिच्छेद, गोष्ट, आणि साधा भागाकार. २०२४ला पाचवीतल्या निम्म्याहून थोड्या कमीच पोरांना दुसरीचा मजकूर वाचता आला. हे मात्र झोप उडवणारं आहे. बाहेरही सगळीकडे प्रगतीच चाललीय असं नाही, नॉर्वेत सैन्यभरतीच्या वेळच्या बुद्धिमत्ता चाचण्यांचे आकडे १९७५नंतर जन्मलेल्यांमध्ये उतरत गेले, तेही एकाच घरातल्या भावाभावांत, म्हणजे रक्ताचा दोष नाही, आजूबाजूचं काहीतरी बदललं.

मग तू काय करायचंस. टक्क्यांवर विश्वास ठेवू नकोस, चांगले असले तरी आणि वाईट असले तरी. अभ्यासिकेत बसतेस तिथे फोन बॅगेत टाकून एक गणित घे आणि अडलीस की लगेच चॅटजीपीटीला विचारू नकोस, अर्धा तास तरी डोकं खाजव, कुठे अडलो ते मराठीत एका ओळीत लिही, मग खुशाल विचार. मी जुनाट नाही, ते वापरच, फक्त दुसऱ्या नंबरला. उत्तर आलं की बापाचं वय उणे तर नाही ना एवढं बघ. आणि दादरच्या ग्रंथसंग्रहालयाची मेंबरशिप काढ, १८९८ची संस्था आहे, महिन्याला एक जाडं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत, कंटाळा आला तरी. कंटाळ्यात टिकून राहणं हेच मला हल्ली कमी दिसतं, आणि खरं सांगू, मामांमध्येही कमी दिसतं, दिवसभर फॉरवर्ड कोण करतंय?

त्यांना उत्तर देत बसू नकोस. त्यापेक्षा शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे ये, खालच्या मजल्यावरची आठवीतली पोरगी येते, तिला भागाकार जमत नाही आणि माझ्यासमोर ती घाबरते, तुझ्यासमोर नाही घाबरणार. पुढचा जिना दुरुस्तीला काढलाय, मागच्या बाजूने ये.

तुझी,
बाई