माळढोक संपत चालला, पारवे मात्र वाढतच आहेत. असं का?

कारण माळढोकाची वीण फार संथ आहे आणि त्याला उघडा माळच लागतो; पारव्याचं कशावाचून अडत नाही. माळढोकाची मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही जमिनीवर. कुत्र्याने खाल्लं किंवा गुराच्या खुराखाली आलं की ते वर्ष गेलं. पारवा एसीच्या मागे चार काड्या टाकून वर्षभर दोन-दोन अंडी घालतो. त्यात माळढोकाचा नर दहा-पंधरा किलोचा. समोरचं नीट दिसत नाही, विजेच्या तारा आयत्या वेळी चुकवता येत नाहीत. सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य केलं, तरी आता तो उरलाय मुख्यतः जैसलमेरकडे. अर्थात नुसती संख्याही वाचवत नाही: गिधाडं लाखोंनी होती, 1990 नंतर गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने, मेलेल्या गुरांच्या मांसातून ते पोटात जाऊन, ती झपाट्याने संपत आली.