रविवारची सूट आणि मिश्रीची डबी

वैजापूर तालुक्यातील एका गावाहून आलेले पत्र थोडक्यात असे आहे:

‘मावशी, माझे वय ४४. सासरी आल्यावर जावेच्या सोबतीने मिश्री लागली आणि आता दिवसातून पाच-सहा वेळा लावल्याशिवाय चैन पडत नाही. आम्ही कॅथलिक आहोत. गेली तीन वर्षे ईस्टरआधीच्या उपवासकाळात मिश्री सोडण्याचा नेम धरते आणि दर वर्षी तो मोडतो. यंदा उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे राखेच्या बुधवारपासून, शनिवारपर्यंत हातही लावला नाही. रविवार उपवासात धरत नाहीत म्हणून त्या दिवशी दोनदा लावली. पुढच्या बुधवारी कांदे काढायला गेलो असताना सगळ्या जणी डब्या उघडून बसल्या, तेव्हा राहवले नाही. आता चोरून परसात जाऊन लावते. नर्सिंग शिकणाऱ्या मुलीला वाटते की मी सोडली. देवाला फसवल्यासारखे वाटते. माझे मनच कच्चे आहे. यंदाचे जाऊ द्यावे आणि पुढच्या वर्षी नव्याने नेम धरावा का?’

ताई, पुढच्या वर्षाची वाट पाहू नका. तुम्ही दोष मनाला देता, पण पत्रातले वार नीट मोजले तर तो दोष मला रविवारच्या सुटीत दिसतो. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूच. भाजल्याने तिच्यातले निकोटीन जात नाही आणि हिरड्यांवर लावलेले ते थेट रक्तात उतरते. ते बंद झाले की चिडचिड होते, डोके जड होते, झोप मोडते, आणि हा त्रास साधारणपणे पहिल्या तीन दिवसांत सर्वांत तीव्र असून पुढच्या तीन-चार आठवड्यांत ओसरत जातो. तुम्ही बुधवार ते शनिवार हे सर्वांत अवघड चार दिवस काढलेत आणि चढ संपत आला असताना पाचव्या दिवशी स्वतःच्या हाताने पुन्हा पायथ्याशी येऊन बसलात. मग सोमवार-मंगळवारी जीव कासावीस झाला आणि बुधवारी घसरलात, यात नवल ते काय?

राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या, आदल्या दिवसापर्यंत दिवस ४६ भरतात आणि त्यांतले सहा रविवार वगळले की चाळीस उरतात, हा हिशेब बरोबरच आहे, कारण प्रत्येक रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस मानला जातो. जिलबी किंवा मटण सोडले असेल तर ही सूट खुशाल घ्यावी. निकोटीनला मात्र वार कळत नाही. माझी आजी एकादशीला पाण्याखेरीज काही घेत नसे, पण मिश्री चालते, ती पोटात थोडीच जाते, असे ठासून सांगायची. उपवासातली पळवाट सर्वच धर्मांतल्या बायकांना सापडते, त्यामुळे मी तुम्हाला हसणार नाही.

देवाला फसवण्याबद्दल अधिकाराने बोलायला मी ख्रिस्ती नाही. तो प्रश्न तुम्ही तुमच्या फादरांना विचारावा. तरी मला ठाऊक आहे त्याप्रमाणे तुमच्या वयाला चर्चने सक्तीचा उपवास राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोनच दिवशी सांगितला आहे, आणि मिश्री सोडण्याचा नेम हा तुमचा तुम्ही घेतलेला आहे. शुक्रवारी क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासाची प्रार्थना, करताना चौदा स्थानांपैकी तीन ठिकाणी प्रभू पडतो आणि उठून पुढे चालतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा अधिक वेळा पाहिले आहे.

मला खटकते ते परसात जाणे. राखेच्या बुधवारी वाचल्या जाणाऱ्या बायबलमधल्या शुभवर्तमानात उपवास करताना तोंड धुवावे, डोक्याला तेल लावावे आणि लोकांना उपवास कळू देऊ नये, असे सांगितले आहे. तिथे उपवास झाकायला सांगितला आहे. घसरण झाकायला नव्हे. आज रात्री मुलीला फोन करून खरे सांगा. ती रागावली तर रागावू द्या, पण नर्सिंग शिकणारी मुलगी तुमच्या कामी येईल: तंबाखूच्या पुडीवर छापलेल्या १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर ती तुम्हाला समुपदेशकाशी जोडून देईल, २ मिलिग्रॅमचा निकोटीनचा च्युइंगम तुम्हाला चालेल का हे डॉक्टरांना विचारील, आणि सुटीत तुम्हाला संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात नेऊन तोंड तपासून घेईल. इतक्या वर्षांच्या मिश्रीनंतर ही तपासणी टाळू नये. गालाच्या आत किंवा हिरडीवर पांढरा चट्टा अथवा न भरणारी जखम दिसली, तर सुटीचीही वाट पाहू नका.

कामावरच्या बायकांनाही सांगून टाका. त्या थट्टा करतील, पण डबी पुढे करण्यापूर्वी एकदा तरी थांबतील. तलफ आली की ती काही मिनिटांत उतरते. तेवढा वेळ बडीशेप चघळावी, पाणी प्यावे, उठून दुसऱ्या वाफ्याकडे जावे. पहाटेची पहिली मिश्री सर्वांत हट्टी असते, कारण तिच्याशिवाय पोट साफ होत नाही असे बहुतेक जणींना वाटते, आणि सोडल्यावर काही दिवस खरोखरच तसा त्रास होतो. तेव्हा उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी घ्या, जेवणात पालेभाजी वाढवा आणि दात ब्रशनेच घासा. ईस्टरनंतर काय, याचा विचार आत्ता करू नका; तोवर सलग दिवस निघाले तर शरीराची मागणी बरीच उतरलेली असेल.

उरलेली पूड चुलीत टाकू नका, घरभर ठसका उठेल; उकिरड्यात नेऊन पुरा. डबी मात्र फेकायची गरज नाही. ती चिंचेने घासून, उन्हात वाळवून तिच्यात लवंगा आणि बडीशेप भरा, आणि रविवारीसुद्धा कनवटीला तीच असू द्या.