रात्री अडीच वाजताही कुणीतरी जागं असतं

तुम्ही विचारलंय : "माझं लग्न पंधरा माणसांच्या एकत्र घरात ठरतंय. आम्ही घरी तिघंच. मोठ्या कुटुंबात राहणाऱ्यांना रोजच्या जगण्यात खरंच कृतज्ञ वाटतं का, की ते फक्त सणावाराला बोलायचं असतं?"

मीही तिघांच्याच घरातली. मिरजेत वाढले. वडील रेल्वेत, आई दवाखान्यात नर्स. दोघांची रात्रपाळी एकाच दिवशी आली की मी घरात एकटी असायची. स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवून झोपायचं, दार कुणी वाजवलं तरी उघडायचं नाही, हे मला सातवीपासून माहीत. स्टेशन जवळ असल्यानं गाड्यांचा आवाज रात्रभर यायचा आणि मला त्याचा आधार वाटायचा, कारण गाडी चालवणारा माणूस तरी जागा आहे. आईबाबांनी माझ्यासाठी काही कमी केलं नाही. पण त्या रात्री मी विसरलेले नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर तिथूनच सुरू होतं.

तेरा वर्षांपूर्वी तासगाव तालुक्यातल्या एका गावात लग्न होऊन आले. घरात सतरा माणसं. आजेसासूबाई, सासू-सासरे, चुलत सासू-सासरे, थोरले दीर-जाऊ, आम्ही, धाकटे दीर, चुलत दीर, पोरंबाळं. दोन वर्षांपूर्वी आजी गेल्या आणि आम्ही सोळा झालो. मग चुलत दिरांना मुलगी झाली आणि पुन्हा सतरा.

आल्यावर तिसऱ्या की चौथ्या रात्री अडीचला जाग आली. नवीन घर, नवीन वास, काळजात धडधड. पाणी प्यायला म्हणून सोप्यात आले तर आजी भिंतीला टेकून अडकित्त्यानं सुपारी कातरत बसलेल्या. मला वाटलं, आता विचारतील, काय झालं, माहेरची आठवण येते का. त्यांनी मान वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "झोप येईना व्हय? बस हितं." एवढंच. मी बसले. त्या कातरत राहिल्या. थोड्या वेळानं परड्याकडच्या दारातून नवरा आला, पाय चिखलानं भरलेले. तो आठवडा रात्रीच्या लाईटीचा होता. शेतीपंपाला आमच्याकडं एक आठवडा दिवसा वीज मिळते, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात कुणाला तरी मोटर चालू करायला, पाणी बदलायला रानात जावंच लागतं. आल्यावर त्यानं दुरडीवरचं फडकं बाजूला करून भाकरी घेतली. ती त्याच्यासाठी म्हणून ठेवलेली नव्हती. आमच्या दुरडीत रात्री दोन भाकरी जास्तीच्या असतातच. कुणासाठी ते ठरलेलं नसतं.

मग हळूहळू लक्षात आलं की या घरात असा एकही तास नाही, जेव्हा सगळे झोपलेत. चार वाजता मामा, म्हणजे सासरे, धारा काढायला उठतात, कारण दूध वेळेत डेअरीवर जायला हवं. साडेचारला आत्या, म्हणजे सासूबाई, न्हाणीचा बंब पेटवतात. दुपारी सगळे कलंडतात तेव्हा चुलत सासूबाई तांदूळ निवडत बसतात. रात्री एक-दीडपर्यंत थोरल्या भावजींचा मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. तो आडवा होतो तेव्हा आजींचा अडकित्ता सुरू व्हायचा. कुणी ठरवून पहारा देत नाही. माणसंच इतकी, की प्रत्येकाच्या कामातून आणि सवयीतून तो आपोआप लागतो. मला रोज कशासाठी कृतज्ञ वाटतं, तर यासाठी.

तीन वर्षांपूर्वीची एक रात्र सांगते. मार्च महिना, बेदाण्याचा हंगाम. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यातून काढायची, शेडमधल्या रॅकच्या जाळीवर पसरायची आणि पंधरा दिवस आभाळाकडं बघत राहायचं. चार किलो द्राक्षं वाळली की किलोभर बेदाणा हाती येतो, आणि तेवढ्यात पाऊस आला तर तोही काळा पडतो. दिवसभर शेडवर राबून मी मेल्यासारखी झोपले होते. उन्हाळ्यात आम्ही सोप्यात ओळीनं अंथरुणं टाकतो. माझा दोन वर्षांचा मुलगा माझ्या कुशीत होता, संध्याकाळपासून थोडा तापलेला. पुतण्या कोपऱ्यात दिव्याचं तोंड भिंतीकडं करून वाचत होता. त्याला काहीतरी खडखडल्यासारखं ऐकू आलं म्हणून त्यानं वळून बघितलं. मुलाला तापात आकडी आली होती. हातपाय झटकत होते, डोळे वर गेलेले. मी त्याच्या शेजारी होते आणि मला जाग आलेली नव्हती.

पुतण्यानं त्याला कुशीवर वळवलं आणि मग मला हलवलं. चुलत सासूबाई कांदा फोडून नाकाशी धरायला धावल्या. त्याला पाणी पाजा, तोंडात चमचा घाला, असंही कुणीतरी म्हणालं. पुतण्यानं कुणालाच काही घालू दिलं नाही. "काकी, तोंडात काही घालायचं नसतं, कुशीवरच राहू दे." हे त्यानं कुठल्याशा पुस्तकात वाचलेलं. नंतर डॉक्टर म्हणाले, पोरानं बरोबर केलं. दोनेक मिनिटांत आकडी थांबली, पण ती दोन मिनिटं मला अजून मोजता येतात. गाडी धाकट्या भावजींनी काढली, मिरजेत पोचेपर्यंत पाऊण तास गेला. तापातली आकडी या वयात काही मुलांना येते, बहुतेकांना पुढं त्रास होत नाही, असं तिथं सांगितलं. मुलगा ठीक आहे, आता पाच वर्षांचा आहे.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशीचं. दुपारी बारा वाजता घरी आले आणि एकदम आठवलं, मुलगी! सात वर्षांची माझी लेक रात्री तिथंच झोपली होती आणि मी तिच्याकडं वळूनही न बघता निघाले होते. ती शाळेत गेली होती. संध्याकाळी आली तेव्हा दोन वेण्या घातलेल्या, रिबिनींच्या गाठी माझ्यासारख्या नाहीत, मागच्या बाजूला बांधलेल्या. म्हणजे धाकट्या जाऊबाईंनी घातल्या. डब्यात शेंगदाण्याची पोळी, ती आत्यांच्या हातची. वहीवर सही थोरल्या जाऊबाईंची. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, आणि नंतरही कुणी मला "आम्ही केलं" असं सांगितलं नाही. मी त्या रिबिनींच्या गाठी सोडताना रडले. दवाखान्यात रडले नव्हते.

आता २०१९ बद्दल. त्या ऑगस्टमध्ये कृष्णेला आलेला पूर तुम्ही सांगली भागातल्या असाल तर तुम्हाला वेगळा सांगायला नको. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या वन्सं पलूस तालुक्यात नदीकाठच्या गावी दिलेल्या. त्यांच्या घरची नऊ माणसं आणि तीन म्हशी आमच्याकडं आल्या. आमचं गाव उंचावर आहे. सतराचे सव्वीस झाले आणि सकाळच्या भाकरी सत्तरच्या पुढं गेल्या. वन्सं पहिल्या दिवशी नुसत्या बसून होत्या. घरात पाणी कुठवर चढलं असेल, पेटीत काय काय होतं, हेच सारखं बोलत होत्या. आत्यांनी समजूत घातली नाही. त्यांच्यापुढं सूप ठेवलं आणि म्हणाल्या, "एवढं तांदूळ निवडून दे." मला तेव्हा ते कठोर वाटलं. पण तासाभरानं वन्सं तांदूळ निवडत मला सांगत होत्या की भाजीत मीठ कमी पडतंय. त्या पाहुण्या म्हणून आल्या असत्या तर बारा दिवस त्यांना जड गेले असते. सूप हातात आल्यावर त्या घरच्या झाल्या.

त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस थांबेना. आमच्याकडं काही प्लॉटची छाटणी आगाप घेतात, म्हणजे द्राक्ष बाजारात लवकर येतं आणि दर बरा मिळतो. तीन एकरांची आगाप छाटणी घ्यायची हा धाकट्या भावजींचा हट्ट होता. मामांचं मन नव्हतं. नेमका फुलोऱ्यात पाऊस सापडला. दावण्या या बुरशीच्या रोगाच्या भीतीनं दिवसाला दोन-दोन फवारण्या केल्या, ट्रॅक्टर चिखलात रुतला, तरी घड कुजले, मणी गळले. भावजी त्या रात्री जेवायला आले नाहीत, गोठ्याकडं बसून राहिले. सगळे ताटावर बसलेले आणि सगळ्यांना माहीत होतं की कोण का आलेलं नाही. एक शब्द चुकीचा गेला असता तर घर तिथंच फुटलं असतं, अशी घरं फुटलेली मी बघितलीत. चुलत सासऱ्यांनी ताट बाजूला सारलं, गोठ्यात गेले आणि इतकंच म्हणाले, "छाटणी घरानं घेतलीया, तू एकट्यानं न्हाईस. ऊठ." आजतागायत त्या तीन एकरांचा विषय टोमणा म्हणून कुणी काढलेला नाही. कर्ज फेडायला तीन वर्षं लागली. एकट्या माणसाच्या डोक्यावर तेवढं कर्ज आणि तेवढी चूक पडली असती, तर काय झालं असतं याचा विचार मला करवत नाही.

तुम्ही "खरंच का" असं विचारलंय, म्हणून दुसरी बाजूही सांगते. पहिली तीन वर्षं मला फार जड गेली. एकटीनं बसायला जागा नव्हती. आईशी फोनवर बोलायचं तर परड्यात जायचं, तिथंही कुणीतरी शेणी थापत असायचं. रडायला न्हाणी, तीही कुणी दार वाजवेपर्यंत. सकाळच्या पंचेचाळीस भाकऱ्या म्हणजे दीड तास चुलीपुढं, आणि ते काम सुनांचंच हे धरून चाललेलं. हे आपोआप बदललं नाही. थोरल्या जाऊबाईंनी एकदा सगळे जेवत असताना सरळ विचारलं, "पीठ सतराजणांच्या पोटात जातंय, मग हात दोघींचेच का भाजायचे?" दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. मग आत्यांनीच परात दोन केल्या, गॅसची शेगडी वाढवली आणि थापायची पाळी लावली. पुरुषांनी निदान आपापली ताटं उचलायची आणि पाणी भरायचं हे तेव्हापासून सुरू झालं. मी बी.कॉम. झालेली, तर शेडचा हिशेब, कोल्ड स्टोअरेजच्या पावत्या आणि सौद्याच्या, म्हणजे बेदाण्याच्या लिलावाच्या, पट्ट्या माझ्याकडं आल्या. तासगावच्या सौद्यात आमच्या पेट्यांना काय दर निघाला हे आता मामा मला विचारतात. जाऊबाईंच्या त्या एका प्रश्नाचं माझ्यावर जेवढं ऋण आहे, तेवढं कशाचंच नाही. मोठं घर चांगलं असतं असं मी म्हणणार नाही. आमचं घर चांगलं आहे, आणि ते चांगलं राहावं म्हणून त्यातल्या बायकांनी तोंड उघडलेलं आहे.

म्हणून तुम्हाला एक सुचवते. लग्न पक्कं होण्याआधी एकदा त्यांच्या घरी जा, पण पोह्यांच्या वेळी नको. जेवणाच्या वेळी जा आणि सगळ्यात शेवटी कोण जेवतं ते बघा. जाता आलं नाही तर मुलालाच विचारा. त्याला लगेच सांगता आलं तर ठीक. त्याला आठवावं लागलं तर त्याच्या आईला विचारा, आणि उत्तर देताना त्यांचा चेहरा बघा.

आमच्याकडं शेवटी आजी जेवायच्या, सगळ्यांना वाढून झाल्यावर, ताकात भाकरी कुस्करून. त्यांचं शेवटचं वर्ष आलं तेव्हा थोरल्या जाऊबाई त्यांना हाताला धरून आणायच्या आणि पहिल्या पंगतीत बसवायच्या. आजी कुरकुरायच्या, "पोरं जेवू दे आधी." पोरं ताटावर हात न लावता बसून राहायची, त्या पहिला घास घेईपर्यंत.