आधी पोटरी, मग घाट

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

सकाळी खाटेवरून उतरलास की लंगडतोस, जरा वेळानं पाय मोकळा होतो, आणि लगेच चिखलदऱ्याचा घाट धावत मारायला निघतोस. पोलीस भरती तोंडावर आहे, सोबतची पोरं चढतात, मग मीच का थांबू, असं विचारलंस. आधी पोटरी, मग घाट.

चढावर पायात काय होतं ते समजून घे. रस्ताच वर उठलेला, त्यामुळे टाचेआधी चवडा टेकतो. नडगी पुढे झुकते, घोटा सपाटीपेक्षा जास्त दुमडतो, आणि टाचेमागची जाड शीर, ॲकिलीस टेंडन, अशी ताणलेली असतानाच पोटरीला सगळं अंग वर ढकलावं लागतं. अमेरिकेत 2005 साली छापून आलेल्या मोजणीत 9 अंशांच्या चढावर पुढे ढकलायचा जोर सपाटीपेक्षा 75 टक्के जास्त भरला. तेवढ्याच उतारावर आदळण्याचा धक्का 54 टक्के वाढला. चढावर मात्र तो कमी. म्हणून गुडघा दुखणाऱ्याला चढ मानवतो, शीर दुखणाऱ्याला नाही. तुझी शीर दुखते, बाप्पा!

दम लवकर वाढतो, पोटरीही भरते, शिरेला मात्र महिने लागतात. तू दमावर भुललास.

ओट्याच्या कडेवर चवडे ठेव, भिंतीला हात लाव. टाचा सावकाश वर, त्याहून सावकाश खाली. आधी गुडघा ताठ, मग थोडा वाकवून, कारण पोटरीतला खोलवरचा स्नायू तेव्हाच खरा कामाला लागतो. दुखणं अगदी टाचेच्या हाडाला चिकटून असेल तर कडेवर नको, सपाट जमिनीवर कर. धावणं बंद करू नकोस, पांदणीच्या सपाट मातीवर हळू धाव.

गावात म्हणतात, गुरुजी पोरांना भित्रं करतात. म्हणोत. दुखणं अंगावर काढलं की मर्द, हे ऐकत मी वाढलो. माझ्याहून वेगवान पोरं त्या मर्दपणापायी मैदानातून गेली, याची सल अजून आहे. म्हणून पोटरी तयार नसलेल्या पोराला मी घाटावर नेत नाही, नेणारही नाही. आणि भरतीचे 1600 मीटर सपाट मैदानावर असतात, घाटात नाही! 50 पैकी 20 गुण तिथे आहेत.

धावताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर मालिशवाल्याकडे जाऊ नकोस, त्याच दिवशी दवाखाना गाठ. नाहीतर रविवारी ये. जुने बूट घेऊन ये, टाच कुठल्या बाजूनं झिजली ते पाहायचं आहे.