गोधडी हातानं शिवायला शिकायची आहे, मशीन नाही. सोलापुरात राहते. काय काय सामान आणावं?

एक जुनी सुती सहावारी साडी, जाड सुती दोरा, दोन इंची सुया, कापडाची कात्री, टेप, खडू, वीसेक टाचण्या आणि मधल्या बोटाला अंगुस्तान (सुई ढकलताना बोटावर घालायची टोपी), एवढ्यात पहिली गोधडी होते. पहिली बाळाचीच करा: साडी साधारण साडेपाच मीटर भरते, तिचे मीटर-मीटरचे चार तुकडे म्हणजे चार थर. उरलेल्यातून काठाची पट्टी निघते.

अंगुस्तान टाळू नका. चार थरांतून सुई ढकलताना तासाभरात बोट सोलवटतं. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंततो आणि विरतो. वर ठिगळांना नवं कापड लावणार असाल तर आधी धुवा, विशेषतः लाल. नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरतो.

नवशिक्यांचं बिघडतं ते बहुधा खालच्या थरात: वरून सगळं सपाट, उलटून पाहावं तर चुण्या. म्हणून थर फरशीवर ताणून पसरा, कोपऱ्यांवर जड डबे ठेवा आणि मधून कडेकडे सहा-सहा इंचांवर कच्चे टाके घाला. मग धावदोरा, म्हणजे सुई खाली-वर करत घातलेले साधे सरळ टाके, ओळींत बोटभर अंतर. कच्चे टाके शेवटी उसवायचे.

आपल्याकडे जुनी सोलापुरी चादर आत घालायचा मोह होतो. ती ऊबदार खरी, पण विणच इतकी जाड की हातसुई अडते. तिच्यासाठी मशीनच हवं. सिंथेटिक साडीही नको, थर सरकतात.