वाचकांचे प्रश्न : संगणकातील पदव्युत्तर पदवी कशासाठी घ्यावी?

प्रश्न : मी बी.एस्सी. (संगणकशास्त्र) च्या शेवटच्या वर्षात शिकत आहे. बारावीला गणित होते. घरी तीन एकर कोरडवाहू जमीन आहे, वार्षिक उत्पन्न दीड लाखाच्या आत आहे आणि आम्ही इतर मागास प्रवर्गात मोडतो. मी पुढे शिकावे अशी वडिलांची इच्छा आहे. पुण्यात नोकरीला असलेला मावसभाऊ मात्र म्हणतो की आयटीत आता डिग्रीला कोणी विचारत नाही, त्यापेक्षा पुण्यात येऊन सहा महिन्यांचा क्लास लाव. एमसीए (मास्टर ऑफ कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स) करावे, विद्यापीठात एम.एस्सी. करावी की क्लास लावावा?
— एक विद्यार्थिनी, सेलू (जि. परभणी)

उत्तर : तुमच्या मावसभावाचे म्हणणे अर्धे खरे आहे. कंपनीच्या चाचणीत आणि मुलाखतीत तुम्हाला कोड लिहिता येतो की नाही हेच पाहिले जाते, त्या खोलीत पदवीचा फारसा उपयोग होत नाही. परंतु त्या खोलीपर्यंत पोहोचण्यासाठी जी पात्रता छापलेली असते, तेथे पदवी लागतेच. सरकारी बँकांमधील आयटी अधिकाऱ्यांची भरती आयबीपीएस या बँक भरती संस्थेमार्फत होते. तिच्यासाठी संगणक वा इलेक्ट्रॉनिक्सशी संबंधित शाखेतील चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी, किंवा या विषयांतील पदव्युत्तर पदवी लागते, नुसती बी.एस्सी. असल्यास तिच्या जोडीला पूर्वीच्या डोएक या सरकारी संगणक-शिक्षण संस्थेची बी लेव्हल परीक्षा आवश्यक ठरते. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचा, पीजी-डॅक या नावाने ओळखला जाणारा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम नोकरीच्या दृष्टीने नावाजलेला आहे, पण त्यालाही तीन वर्षांच्या बी.एस्सी.वर प्रवेश नाही. अभियांत्रिकी पदवी, एमसीए किंवा संगणकातील एम.एस्सी. असावी लागते. महाविद्यालयात शिकवण्यासाठी नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा द्यायची तर पदव्युत्तर पदवी झालेली किंवा निदान चालू असावी लागते. यांपैकी एखादे दार तुम्हाला उघडायचे असेल, तर पुढील दोन वर्षे सार्थकी लागतील. ‘नोकरी लागेपर्यंत रिकामे बसण्यापेक्षा एमसीए बरे’ या विचाराने आपल्याकडे अनेक जण प्रवेश घेतात. त्यांच्यापैकी बरेच जण दोन वर्षांनी, वय तेवढे वाढवून, पुन्हा त्याच जागी उभे असतात, असे माझे निरीक्षण आहे.

आता एमसीए की एम.एस्सी. हा प्रश्न. एमसीए पूर्वी तीन वर्षांचे होते, 2020-21 पासून ते दोन वर्षांचे झाले, त्यामुळे काळाच्या हिशेबात दोन्ही सारखेच आहेत. अभ्यासक्रमांतही सांगितला जातो तेवढा फरक नाही. एम.एस्सी. सिद्धान्ताकडे थोडी अधिक झुकलेली असते आणि संशोधनाकडे किंवा अध्यापनाकडे जाऊ इच्छिणाऱ्यांना ती सोयीची पडते. छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात संगणकशास्त्राचे स्वतंत्र विभाग आहेत, आणि विद्यापीठाच्या परिसरात राहून शिकण्याचा लाभ लहान गावातून आलेल्या विद्यार्थिनीसाठी मोठा असतो. तरीही तुमच्या परिस्थितीत मी एमसीएकडे झुकेन, आणि त्याचे कारण अभ्यासक्रमात नसून शुल्कात आहे.

राज्य शासनाने 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतील मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागासवर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींसाठी ही सवलत आहे. एमसीए हा व्यावसायिक अभ्यासक्रम असल्यामुळे तुम्ही या सवलतीत बसता. अट एकच, पण ती नीट लक्षात ठेवावी : प्रवेश राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला असला पाहिजे. ‘सीईटीचे राहू द्या, आमच्याकडे थेट प्रवेश घ्या’ असे एखाद्या संस्थेने सांगितले आणि तुम्ही व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला, तर ही सवलत गमवाल.

म्हणून राज्य सीईटी कक्षाच्या एमसीए प्रवेश परीक्षेचा अर्ज मुदतीत भरा. या परीक्षेत गणित व संख्याशास्त्र, तर्कक्षमता, इंग्रजी आणि संगणकाच्या मूलभूत संकल्पना यांवर प्रश्न असतात. संगणकाचे प्रश्न तुम्हाला जड जाऊ नयेत. गणित मात्र बारावीच्या पुस्तकातून पुन्हा काढावे लागेल. त्याहून महत्त्वाचे काम कागदपत्रांचे आहे. उत्पन्नाचा दाखला, वैध नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र यांच्या मागे आजच लागा. वैधता प्रमाणपत्राला किती वेळ लागेल हे अर्जदाराच्या हाती नसते, आणि गुण चांगले असूनही केवळ एका कागदासाठी राखीव जागा गेल्याची उदाहरणे दर वर्षी ऐकू येतात. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या भोजन-निवासासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. तिची चौकशी इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या जिल्हा कार्यालयात करावी. पुणे किंवा संभाजीनगर येथे राहण्याचा खर्च शुल्काहून जड जातो, हे घरात आधीच बोलून ठेवलेले बरे.

महाविद्यालय निवडताना इमारतीपेक्षा मागील वर्षी किती विद्यार्थ्यांना, कोणत्या कंपनीत, कोणत्या कामासाठी घेतले हे विचारा. विभागप्रमुखांना विचाराच, मात्र शेवटच्या वर्षातील दोन-तीन मुलींनाही विचारा, कारण माहितीपत्रकात ‘प्लेसमेंट’ या नावाखाली कॉल सेंटरचे कामही मोजले जाते.

प्रवेशानंतरचे माझे आग्रह थोडे आहेत. एक भाषा, जावा किंवा पायथन, खोलवर शिका. डेटा स्ट्रक्चर, एसक्यूएल, ऑपरेटिंग सिस्टीम आणि नेटवर्क हे चार विषय परीक्षेपुरते वाचू नका. एटीकेटी, म्हणजे नापास झालेले विषय, राहू देऊ नका, कारण अनेक कंपन्या दहावीपासूनचे गुण आणि बॅकलॉग पाहूनच अर्ज वेगळे काढतात. प्रोजेक्ट विकत घेऊ नका. तयार प्रोजेक्ट शहरात सहज मिळतात आणि मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडतात. तुमच्या घरी कापूस आणि सोयाबीन होत असेल, तर सेलू, मानवत आणि परभणी येथील बाजार समित्यांचे रोजचे भाव साठवून त्यांची तुलना दाखवणारी साधी प्रणाली तयार करा. तिची प्रत्येक ओळ तुमची असेल, आणि आकडे कोठून आणले, एखाद्या दिवसाचा भाव नसेल तर काय केले, या प्रश्नांची उत्तरे तुम्ही न अडखळता द्याल. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सोपा कोड लिहून देतात, त्यामुळे नवख्यांकडून नेमकी हीच समज अपेक्षित असते.

क्लासबद्दल एवढेच सांगतो की तो पदवीला पर्याय म्हणून घेऊ नका. ‘शंभर टक्के नोकरी’ असे लिहून देणाऱ्या क्लासला तर पैसे भरूच नका. कर्ज न काढता शिकत राहण्याचा आणखी एक मार्ग आहे : काही मोठ्या कंपन्या बी.एस्सी. आणि बीसीए झालेल्यांना नोकरीत घेऊन स्वतःच्या खर्चाने एम.टेक. करवतात, विप्रोची अशी योजना प्रसिद्ध आहे. तिच्यात काही वर्षे कंपनी न सोडण्याचा करार असतो, तो वाचूनच सही करावी. या निवड चाचण्या शेवटच्या वर्षातच द्या, म्हणजे कॅप राउंड सुरू होईपर्यंत दोन्ही पर्याय तुमच्या हाती असतील.

प्रश्न : मुलगा बी.कॉम. असून पुण्यात डेटा एंट्रीचे काम करतो. बारावीला गणित नव्हते. येथील एक एजंट ‘परीक्षेची काळजी आमची’ असे सांगून घरबसल्या ऑनलाइन एमसीए देतो म्हणतो. भरवसा ठेवावा का?
— एक पालक, उदगीर (जि. लातूर)

उत्तर : ठेवू नये. परीक्षेची काळजी दुसरा घेत असेल, तर ती पदवी पडताळणीत टिकणार नाही. ऑनलाइन किंवा दूरस्थ शिक्षण मात्र वाईट नाही. मान्यताप्राप्त संस्थेची अशी पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानावी, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे, आणि इग्नूचे एमसीए नोकरी सांभाळून करता येते. संस्थेला त्या वर्षासाठी आणि त्याच अभ्यासक्रमासाठी मान्यता आहे का, हे आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे. तेथेच विद्यार्थ्याचा डीईबी-आयडी, म्हणजे प्रवेशासाठीचा ओळख क्रमांक, काढावा लागतो. त्यासाठी एजंटाची गरज नाही. एमसीएला गणित शिकलेले असावे लागते, त्या अटीसाठी बी.कॉम.च्या गुणपत्रिकांत व्यावसायिक गणित किंवा संख्याशास्त्र आहे का ते तपासा, आणि ते पात्रतेसाठी धरले जाईल का, हे शुल्क भरण्याआधी संस्थेकडून लेखी घ्या.

प्रश्न : मी यंत्र अभियंता असून वाळूजच्या एका कारखान्यात चार वर्षे उत्पादन विभागात आहे. आयटीत जाण्यासाठी नोकरी सोडून एम.टेक. करावे का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : लगेच सोडू नका. कारखान्यांत ईआरपी, म्हणजे सगळे व्यवहार एकत्र सांभाळणारी संगणक प्रणाली, बसवणाऱ्या कंपन्यांना उत्पादन, साठा आणि गुणवत्ता तपासणी आतून ठाऊक असलेली माणसे हवी असतात, आणि या कामात तुम्ही चार वर्षे काढली आहेत. आपल्याच कारखान्यातील सॅप किंवा तत्सम प्रणालीच्या कामात शिरण्याची परवानगी मागा. अनुभव त्यातूनच सुरू होतो. यंत्रांच्या आकडेवारीत किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेतच रस असेल, तर गेट या एम.टेक. प्रवेशाच्या परीक्षेत 2024 पासून डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा स्वतंत्र पेपर आहे. त्याची तयारी नोकरीत राहून करता येते. गेटच्या आधारे एम.टेक.ला प्रवेश मिळाल्यास दरमहा 12,400 रुपयांची शिष्यवृत्ती मिळते. घरभाडे आणि वाहनाचा हप्ता चालू असेल, तर हा आकडा आजच्या पगाराशेजारी ठेवून पाहा आणि नंतरच राजीनाम्याचा विचार करा.