आईने मुलीला हळद लावायची की नाही?

लग्नसराई जवळ आली की समुपदेशनासाठी येणाऱ्या कुटुंबांकडून एक प्रश्न हमखास ऐकू येतो : घरची रीत पाळावी तर एका माणसाचा अपमान होतो आणि मोडावी तर थोरांचे मन दुखावते, मग करायचे तरी काय? त्यावर एका कुटुंबाचा अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

नागपुरातल्या या मुलीचे वडील करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. लग्न ठरले, तेव्हा आजी आणि मोठी आई यांनी आधीच सांगून ठेवले की, विधवा आईने हळदीला हात लावू नये, ते सवाष्णींचे काम. मुलगी संतापली. आईला मान नसेल तर विधीच नकोत, नोंदणी पद्धतीने लग्न करू, असे तिने जाहीर केले. मोठे बाबा म्हणाले, ‘‘मानवाधिकार पुस्तकात ठीक आहेत, घरात रीत चालते.’’

एकत्र बैठकीत आई जवळजवळ बोललीच नाही. प्रत्येक प्रश्नाला मुलगीच उत्तर देत होती आणि आई पर्सची चेन उघडझाप करत होती. म्हणून पुढच्या वेळी तिला एकटीला बोलावले. ती म्हणाली, ‘‘कुंकू मले नको, विहिणीची ओटीही जाऊबाई भरतील. पण पोरीले हळद मीच लावीन. अन् लग्न मांडवातच झालं पाहिजे.’’ तिच्या बाजूने भांडणाऱ्या मुलीनेही तिला हे कधी विचारले नव्हते.

माझ्या मते प्रश्नाची गाठ इथेच सुटते. आईला परंपरा मोडायची नव्हती, तिला त्या परंपरेत आपली जागा हवी होती. 10 डिसेंबर 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील 27 वे कलम समाजाच्या सांस्कृतिक जीवनात मोकळेपणाने सहभागी होण्याचा हक्क प्रत्येकाला देते, आणि प्रत्येकात विधवाही आली. आपल्या राज्यघटनेचे कलम 51क तर स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडणे आणि संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे ही दोन्ही कर्तव्ये लागोपाठच्या उपकलमांत सांगते. मोठ्या बाबांना मात्र कलमांपेक्षा कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडचे उदाहरण अधिक पटले. तिथल्या ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे अशा विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन करणारे परिपत्रक काढले. एका खेड्याला जे जमते ते आपल्याला का जमू नये, असे ते स्वतःच म्हणाले.

आजींचे प्रकरण वेगळे होते. ‘‘मले सुनेचा राग नाही, पोरीच्या संसाराले काही होऊ नये एवढंच,’’ हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, आणि भीतीला कायदा वाचून दाखवण्यात अर्थ नसतो. मी फक्त विचारले की, सुनेच्या लग्नात हळद कोणी लावली होती? त्यांनी एकेक नाव बोटांवर मोजले, सगळ्या सवाष्णीच. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘तरी माह्या पोराले करोना घेऊनच गेला.’’ त्यानंतरही त्यांनी होकार दिला नाही. आपण अडवणार नाही, एवढेच सांगितले. तेवढे पुरेसे होते. हळद आईने लावली, ओटी मोठ्या आईने भरली. मुलीला आईच्या कपाळी कुंकूही हवे होते, पण तो हट्ट तिने सोडला.

अशी बोलणी सगळीकडे करायची नसतात. जिथे मारहाण आहे, अल्पवयीन मुलीचे लग्न लावले जात आहे किंवा जातपंचायत वाळीत टाकण्याची धमकी देत आहे, तिथे मी मधला मार्ग शोधत बसत नाही, पोलिसांकडे जाण्यास सांगते. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात 2016 चा स्वतंत्र कायदा असून त्यात 3 वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. बाकी घरांनी पत्रिका छापण्यापूर्वीच बसावे, आणि जिच्यावरून वाद चालला आहे तिच्याशी आधी एकटीने बोलावे.